करदोड्याची किल्ली

त्याचं नाव कागदांवर असेल, मला तो किल्लीनंच आठवतो. दर मंगळवारी भूमकडून एसटीनं धाराशिवला आमच्या बालकल्याणाच्या ऑफिसात यायचा. खुर्ची दिली तरी भिंतीपाशी उकिडवा बसायचा. बायको वारल्यावर मेंढरं चारायला जाताना तो सहा वर्षांच्या लेकीला दिवसभर घरात कोंडायचा. कुणीतरी कळवलं, आणि पोरीला बालगृहात ठेवलं. लेकरू कसं सांभाळावं हे त्याला समजावणं माझं काम. ऐकताना तो कमरेच्या करदोड्याला बांधलेली घराची किल्ली चाचपत राहायचा.

"लेकराला असं कुलपात ठेवतं का कुणी, दादा?" एकदा मी चिडलेच.

"चुकलं, ताई. तिला कुणी उचलून न्हेऊ नये म्हणून लावत व्हतो."

पुढच्या मंगळवारी त्यानं किल्ली सोडून माझ्या टेबलावर ठेवली. "आता न्हाय लावणार," म्हणाला. त्याच दुपारी मी त्याला लेकीच्या भेटीला नेलं. तासाभरानं आम्ही बाहेर पडलो. पोर आतून गज धरून उभी राहिली, आणि वॉचमननं फाटकाला कुलूप घातलं.

त्याचा हात सवयीनं कमरेला गेला. तिथं काहीच नव्हतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ह्या कुलपाची किल्ली कुणाकडं असती?"