मुलीच्या अर्जातील तिसरे कारण

परळच्या एका सरकारी कचेरीच्या फाटकापाशी, कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून, गेली सव्वीस वर्षे माझे टेबल आहे. त्यावर एक मराठी व एक इंग्रजी अशी दोन टंकयंत्रे. शिक्षण म्हणाल तर दहावीच्या परीक्षेस दोनदा बसलो, एवढेच. तथापि माझ्या हातून गेलेला अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला, असे क्वचितच घडले असेल. लोक मला अर्जवाले काका म्हणतात. मी स्वतःस अर्जनवीस म्हणवतो. हे आरंभीच नमूद करण्याचे प्रयोजन असे, की पुढे जे घडले ते माझ्या अज्ञानामुळे घडले असा कोणाचा समज होऊ नये. ते माझ्या ज्ञानामुळे घडले.

माझ्या आधी त्या फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांच्याकडून मी अर्जाचे दोन नियम शिकलो. पहिला नियम, कारणावाचून अर्ज नाही, आणि कारणे तीन हवीत. दोन कारणांवर साहेब विचार करतो, तीन कारणांवर सही करतो. त्यांपैकी तिसरे घरातील आजारपणाचे असावे, कारण आजारपणाशी कोणताही साहेब वाद घालत नाही. दुसरा नियम, अर्ज कधीही एकट्या साहेबाकडे जाऊ द्यायचा नाही. खाली डाव्या कोपऱ्यात ‘प्रत माहितीस्तव रवाना’ असे लिहून आणखी एका कार्यालयाचे नाव घालायचे. लालबागच्या एका म्हातारीच्या छतातून आठ महिने पाणी गळत होते. मी एक प्रत वरच्या कचेरीला लावली, आणि चौथ्या दिवशी प्लंबर तिच्या दारात उभा होता. दुसऱ्याला ठाऊक आहे हे कळल्याखेरीज पहिला हलत नाही.

आमच्या मुलीने जीवशास्त्रात एमएस्सी केले. तिचा विषय फळमाशी. केळ्यावर घोंघावते ती. या माशा बारीक काचेच्या नळ्यांत ठेवून त्या झोपतात केव्हा, जाग्या केव्हा होतात, आणि झोपू दिले नाही तर शिकलेले कसे विसरतात, हे ती दोन वर्षे पाहत होती. याच विषयात पुढे पीएचडी करायची हे तिचे ठरलेले. तिची आई साड्यांना फॉल-पिको करते. हिंदमाताच्या दोन दुकानांचे काम घरी येते. ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली होती, “माशांना झोप येते की नाही हे बघायला माझी पोरगी रात्रंदिवस जागणार. बरं आहे.”

संस्थांकडे अर्ज करताना स्वतःविषयी एक निवेदन द्यावे लागते. ते साहजिकच मी तयार केले. गिरणी बंद पडल्यापासूनची कुटुंबाची परिस्थिती, प्रत्येक परीक्षेतील गुण, चारित्र्य आणि शेवटी ‘आपली सदैव ऋणी’. मुलीने ते शांतपणे वाचले, घडी घालून पुस्तकात ठेवले आणि स्वतःचे लिहिले. त्यात तिने आपल्या प्रयोगात काय फसले हे लिहिले होते, आणि अमुक गोष्ट मला अजून कळलेली नाही, म्हणून मला यायचे आहे, असे म्हटले होते. अर्जदाराने स्वतःचे अज्ञान लेखी मान्य केल्याचा अर्ज मी आयुष्यात प्रथमच पाहिला. मी तिला सावध केले. तरीही दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले.

एक संस्था मुंबईतच, घरापासून पाऊण तासावर. तिथे प्रवेश मिळाला. मार्गदर्शक कोण ते संस्था ठरवणार, विषय प्रथिनांचा. दुसरी दक्षिणेतल्या एका शहरात, जिथे माशांच्या झोपेवर काम चालते. तिथे नाव प्रतीक्षायादीत, पहिले. मुंबईच्या संस्थेने सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत होकार कळवण्यास सांगितले होते. दक्षिणेकडून काहीच कळत नव्हते.

मला विचाराल तर प्रश्न मिटलेला होता. पण मुलगी दोन्ही संस्थांतल्या विद्यार्थ्यांना फोन करून चौकशा करीत बसे. सर बोलू देतात का, विद्यार्थी मध्येच सोडून जातात का, प्रयोग फसला तर काय होते. मी त्यास साक्षीदार तपासणे म्हणत असे, आणि ते मला पसंत होते. पसंत नव्हता तो तिचा निष्कर्ष. दक्षिणेतल्या सरांनी मुलाखतीत तिच्याशी चाळीस मिनिटे वाद घातला होता आणि शेवटी, इथे तुझे बरोबर आहे, असे म्हटले होते. केवळ यास्तव ती हातातला प्रवेश टांगून ठेवून होती. मुंबईच्या संस्थेकडे आठवड्याची मुदत मागावी, असे ती बुधवारी म्हणाली. शब्द जुळत नाहीत, शुक्रवारी लिहीन, असेही म्हणाली.

सव्वीस वर्षे लोकांना शब्द जुळवून देणाऱ्याच्या घरात हे वाक्य उच्चारले गेले. मी गुरुवारी सकाळी इंग्रजी यंत्रावर कागद चढवला. कारण पहिले, विषय गंभीर असून विचारास अवधी हवा. कारण दुसरे, अन्य संस्थेचा निर्णय प्रलंबित. कारण तिसरे, अर्जदाराची आई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळली असून घरी तिची देखभाल करण्यास मुलीवाचून दुसरे कोणी नाही. खाली ‘अर्जदारातर्फे वडील’ म्हणून सही केली. डाव्या कोपऱ्यात ‘प्रत माहितीस्तव’ लिहून दक्षिणेतल्या संस्थेचे व त्या सरांचे नाव घातले. दोन्ही पाकिटे स्पीड पोस्टाने रवाना केली आणि पावत्या जपून ठेवल्या. घरी बोललो नाही. काम झाल्यावर सांगावे, ही माझी रीत आहे.

शुक्रवारी मुलीने लिहायला घेतले, तेव्हा थांब, सोमवारपर्यंत वाट पाहा, एवढेच मी गूढपणे म्हणालो, आणि दक्षिणेची बातमी येईल या आशेने ती थांबली. त्या दिवशी मला एका जागी बसवेना. गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून मी दोनदा पोस्टात जाऊन आलो. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, काका, पाकीट गेलं, आता तुम्ही घरी जा.

शनिवारी दुपारी मुंबईच्या संस्थेचा ईमेल आला. एक आठवड्याची मुदत मंजूर. मुलीने तो मोठ्याने वाचला. शेवटच्या ओळीत लिहिले होते, की आपल्या आईंच्या प्रकृतीस लवकर आराम पडो.

आई त्या वेळी साड्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन तीन जिने चढून नुकती आली होती. गठ्ठा खाली टाकून तिने विचारले, “कोणाच्या आईच्या?”

मी सर्व सांगितले. कारणांचा नियमही समजावला. मंजुरी आली आहे हेही लक्षात आणून दिले. पत्नी गठ्ठ्यावरच बसली. मग म्हणाली, “अहो, पंचवीस वर्षांत एकदा तापाने पडले, तर तेव्हासुद्धा तुम्ही मला चहा टाकायला उठवलंत. आता एकदम अंथरुणाला खिळवलंत होय?”

मुलगी हसली नाही. 

अस्वस्थता माझ्या पायांत उतरते. रविवारी सकाळी मी चप्पल घातली, तशी मुलगीही निघाली. लालबागहून परळ, हिंदमाताच्या बंद शटरांपुढून, पुलाखालून दादर, आणि तिथून शिवाजी पार्क. एवढे अंतर आम्ही चालत कापले. कट्ट्यावर बसलो. समोर नेटमध्ये मुले फलंदाजी करीत होती, आणि निवृत्त मंडळी हात हलवीत फेऱ्या घालत होती.

तिने विचारले, “पप्पा, दुसरीकडे काही पाठवलं नाहीत ना?”

मी प्रतीचे सांगितले. म्हातारीच्या छताचे उदाहरण देऊ लागलो होतो, पण तिचा चेहरा पाहून ते मध्येच सोडले.

ती हळू आवाजात म्हणाली, की तिथे यादीत पहिलं नाव माझं आहे. जागा झाली तर ते मला विचारतील. आणि आता त्यांच्या हातात कागद आहे, की हिला घर सोडता येणार नाही.

हा अर्थ माझ्या ध्यानात आलेला नव्हता. प्रत ही दबावासाठी असते. ती कोणी वाचत नाही, असा माझा अनुभव.

“एक विचारू?” ती म्हणाली. “आजारपणच हवं होतं तर आत्याचं लिहायचं. गावच्या आजीचं लिहायचं, ती खरंच आजारी आहे. आईचं का? आणि माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, हे कशाला?”

नियम असा आहे, एवढेच मी म्हणालो. ती म्हणाली, “नियमात तसं नाहीये, पप्पा.”

नव्हतेच. तिसरे कारण आजारपणाचे असावे, एवढाच नियम होता. ते अर्जदाराला खुंट्याला बांधून ठेवणारे असावे, असे त्या वृद्ध गृहस्थांनी मला कधीही शिकवले नव्हते. ते वाक्य माझे स्वतःचे होते. गुरुवारी सकाळी ते कसे न अडखळता उमटले, हे आठवून मी कट्ट्यावरून उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेवटी ती म्हणाली, चला घरी.

सोमवारी सकाळी दहाला दक्षिणेतल्या सरांचा फोन आला. जागा झाली होती. पण पत्र वाचले आहे, ते म्हणाले. आईला अशा अवस्थेत सोडून येण्याचा आग्रह मी धरणार नाही, यादीतला तुझ्या मागचा विद्यार्थी वाट पाहतो आहे, काय ते आज कळवा. मुलीने उत्तर दिले, की सर, आई बरी आहे, ते पत्र माझं नाही.  मग ते म्हणाले, की पत्र वडिलांच्या सहीचे आहे, तर खुलासाही त्यांच्याच सहीचा आला तर बरे. तो वाचून सांगतो.

फोन ठेवून ती मला म्हणाली, की मुंबईची जी आठवड्याची मुदत मिळाली आहे ती मी घेणार नाही. खोट्या कारणावर मिळालेली आहे. जे काही व्हायचं ते आज पाचच्या आत.

पत्नी मशीनवरून म्हणाली, अगं, मिळालेली मुदत कोण परत करतं. मलाही तसेच वाटले होते. पण मी काही बोललो नाही, कारण माझ्या बोलण्याचा अधिकार त्या दिवशी जरा स्थगित होता.

अकराला मी टेबलावर जाऊन बसलो. मुलगी समोरच्या स्टुलावर, जिथे गिऱ्हाईक बसते. दिवसाला तीस अर्ज लिहिणारा मी. पहिला कागद ‘गैरसमजातून’ या शब्दाशी काढला. दुसरा ‘अनवधानाने’ या शब्दाशी. तिसऱ्यावर मी सुरुवातीलाच तीन कारणे मांडली होती, खोटे का लिहावे लागले याची. मुलीने तो नुसता उलटा केला. गिऱ्हाइके आली, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितले. चहा आला आणि गार झाला. शेजारचा झेरॉक्सवाला येऊन विचारून गेला, की काका, कोणाची एवढी मोठी केस आहे.

तीनच्या सुमारास जो कागद यंत्रावरून उतरला त्यावर एवढेच होते: माझ्या पत्रातील तिसरे कारण खरे नाही. मुलीची आई निरोगी आहे. पत्र मी मुलीला न विचारता लिहिले. तिने जाऊ नये असे मला वाटत होते.

शेवटची ओळ लिहावी असे कोणी सांगितले नव्हते. ती लिहून झाल्यावर मी डाव्या कोपऱ्याकडे पाहिले. हात सवयीने तिथपर्यंत गेला होता. तो कोपरा मी कोरा ठेवला आणि खाली सही केली.

मुलीने मोबाइलवर कागदाचा फोटो काढून पाठवला. मग आम्ही बसून राहिलो. चार वाजले. साडेचार झाले. मी तिला म्हणालो, की उत्तर आले नाही तर मुंबईला होकार दे, त्यात कमीपणा नाही. माझ्या आवाजात लपवलेली आशा होती की काय, ते मला आजही ठरवता येत नाही.

पाचला दहा मिनिटे असताना तिने मुंबईच्या संस्थेला लिहिले. आई बरी आहे, मुदत चुकीच्या कारणावर मिळाली याबद्दल क्षमस्व, मला माशांच्या झोपेवरच काम करायचे असल्याने मी प्रवेश घेत नाही, ही जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. पाचच ओळी. तिने मला वाचायला दिले, दुरुस्त करायला नव्हे. मी वाचले. तिने पाठवले. आता तिच्या हातात काही नव्हते, आणि जे होते ते मी माझ्या सव्वीस वर्षांच्या अनुभवाने तिच्या हातून काढून घेतले होते.

घरी परतताना मी तिच्या चार पावले पुढे, मग मागे, असा चालत होतो. ती म्हणाली, “पप्पा, सरळ चाला. लोकांना वाटेल माझ्या मागे लागलात.”

पावणेसातला उत्तर आले. पत्नी तेव्हा एका जांभळ्या साडीला फॉल लावत होती. सरांनी लिहिले होते, की ऑगस्टमध्ये ये, तुझ्या माशांचे काय करायचे ते मग भांडून ठरवू. आणि वडिलांचे दुसरे पत्र तुझ्या फायलीला लावून ठेवले आहे.

माझे कागद आजवर अनेक फायलींना लागले आहेत. कारण नसलेला आणि प्रत नसलेला असा तो एकच.

मुलगी दक्षिणेला शिकायला गेली त्यास आता काही महिने झाले. ती फोनवर सांगते, की झोप मोडलेली माशी नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फेऱ्या घालत राहते. ती हे कोणाला उद्देशून सांगते, हे मी विचारत नाही. फाटकाशी गिऱ्हाईक येते, मी पहिले कारण लिहितो, दुसरे लिहितो, आणि तिसऱ्याशी माझा हात थांबतो. लोक म्हणतात, काका, लिहा की काहीतरी, आईचं लिहा.

परवा पत्नीला दोन दिवस ताप होता. चहा मी टाकला. कप हातात घेऊन ती म्हणाली, “आता खरंच पडले तर कळवणार कसं हो? तुमचं तर कोणी खरं धरायचं नाही.”

मुलीला कळवायचे की नाही, हे ठरेना. मी दोनदा यंत्रावर कागद चढवला, दोनदा काढला. शेवटी फोन लावला आणि फोन पत्नीच्या हातात दिला.