बाहेर-बसा बाई

रिसॉर्टच्या हॉलमध्ये शिरल्यावर बाई आधी पंखा लावायच्या आणि मग मालकाला बाहेर काढायच्या. "शेठ, तुम्ही बाहेर बसा. मॅनेजरलाही न्या." आवाज कधी चढला नाही. शहापूर-मुरबाडकडच्या रिसॉर्टवाल्यांनी त्यांचं नावच ‘बाहेर-बसा बाई’ ठेवलं होतं. कामाच्या जागी कोणी अंगचटीला आलं, त्रास दिला, तर काय करायचं, हे त्या तिथल्या कामगार बायकांना शिकवायच्या. आधीची सगळी नोकरी अंगणवाडीत गेलेली. मोठ्या माणसांना ऊठ-बस सांगायची भीड नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मलाही बाहेर काढलं. बाईंच्या संस्थेने मला पत्रकांचा गठ्ठा देऊन त्यांच्या मदतीला धाडलं होतं. "बाई, मी तर आपल्या बाजूचा," मी म्हणालो.

"ते त्यांना कळायला वेळ लागेल. तोवर मॅनेजरसोबत चहा ठेव."

चहा हा त्यांचा दुसरा नेम. दिवसभर पाहुण्यांना चहा नेणाऱ्या बायकांना त्या दिवशी मॅनेजरने चहा द्यायचा, बसल्या जागी. कप घेताना बायका अर्धवट उठायच्या. बाई त्यांना खांद्याला धरून खाली बसवायच्या.

पत्रक मी लिहिलं होतं. आमचं घर चळवळीतलं, भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. त्यामुळे माझ्या लिखाणात ज्वाळा फार. बाईंनी एसटीत बसून त्यातल्या बहुतेक विझवल्या. ‘तक्रार केली म्हणून तुम्हाला कोणी कामावरून काढू शकत नाही,’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "काढतात रे. ‘काढू नये’ असं लिही. ‘काढलं तर आम्हाला सांगा’ असं लिही." मी मुरबाड येईपर्यंत वाद घातला. त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

त्या ओळीची परीक्षा म्हसा गावाकडच्या एका रिसॉर्टवर झाली. डोंगरातल्या वाडीवरची सुनंदा तिथे खोल्या साफ करायची. ती खोलीत गेली की सुपरवायझर मागून येऊन दार लोटायचा. घर तिच्या पगारावर चाललेलं, म्हणून ती गप्प होती. आम्ही गेलो त्या दिवशी हॉलमध्ये बाईंपुढे ती बोलली. बाई तिला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या, मी आणि शेठ बसलो होतो तिथे.

"हिला किचनला टाकतो. विषय संपला," शेठ म्हणाला.

"किचनला त्याला टाका."

"त्याला भाजी चिरता येत नाय, बाई."

"शिकेल. हिने काय केलंय, म्हणून हिने जागा सोडायची?"

तक्रार समिती कागदावर होती. ती खरोखर बसवण्यासाठी बाईंनी खेपा घातल्या. गुडघा सुजायचा. मुरबाडच्या स्टँडवर त्या चपला काढून पाय चोळत बसायच्या. मी विचारलं, "बाई, चीड नाही येत?"

"येते. पण चिडीवर एसटी चढता येत नाही, बाबा."

सुपरवायझरची नोकरी गेली. सुनंदा खोल्यांवरच राहिली. पण मालकांमध्ये ही गोष्ट पसरली आणि बाईंना बोलावणी येईनाशी झाली. आता रिसॉर्टवर बाईंच्या जागी टीव्हीवर प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावतात. सह्या घेतात, फोटो काढतात, सर्टिफिकेट भिंतीवर. मी यावर जळजळीत लेख लिहिला. तो आमच्याच माणसांनी वाचला.

परवा मुरबाडला सुनंदा भेटली. तिने सांगितलं, यंदा व्हिडिओच्या वेळी शेठ पहिल्या रांगेत बसला होता. ती त्याला म्हणाली, "शेठ, तुमी भायेर बसा."

"माझं रिसॉर्ट, नि मीच भायेर?" शेठ हसला.

"मंग आमी बसतो." सगळ्या उठल्या आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बोलत बसल्या. आत व्हिडिओ शेठपुढे चालू राहिला.

मी तडक शहापूरला बाईंकडे गेलो. त्या पाय वर घेऊन वाल सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता डोळे भरून येतील.

"आणि चहा?" त्यांनी विचारलं.

"चहा नाही दिला कोणी."

"मग अर्धंच झालं," म्हणाल्या, आणि सुपातले वाल माझ्यापुढे सरकवले.