फाट्यावरची गिरणी आणि जिजीचा नंबर

संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला की भिंतीवरचं, वजनकाट्यावरचं, माझ्या केसांतलं पीठ झाडून निघतं. किस्से काही निघत नाहीत! ते आपले साचतच जातात.

आळेफाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची गिरणी. शेजारी बांगड्यांचं दुकान, पलीकडे केरळच्या साजनची बेकरी आणि समोर बाजाराचं पटांगण. पूर्वी दळण घेऊन येणारा कुणाचा कोण हे मला चालीवरून कळायचं. आता मागच्या शेतांचे प्लॉट झाले, भाड्याच्या खोल्या उठल्या आणि कांद्याच्या वखारीत, पॉलीहाउसात कामाला कुठकुठची माणसं आली. नव्या माणसाला खोली मिळाली की दुसऱ्या दिवशी तो गिरणीत हजर. "भाभी, सरसों का तेल कुठं? वहिनी, सुकी मासळी कुठं? मच्छरदाणी कुठं?" दळण राहिलं बाजूला, मी म्हणजे चौकशीची खिडकी!

पण खरा कारभार माझ्या सासूबाईंचा. अख्खा फाटा त्यांना जिजी म्हणतो. दाराशी प्लास्टिकची खुर्ची, हातात काठी आणि समोर डब्यांची रांग. आमच्याकडे माणूस रांगेत उभा राहत नाही, त्याचा डबा राहतो. आणि एकदा ठेवलेला डबा जिजीच्या मर्जीशिवाय हलत नाही.

एकदा एका पुढाऱ्याच्या ड्रायव्हरनं गाडी दारात लावली आणि डबा थेट सगळ्यांच्या पुढे ठेवला. जिजीनं काठीनं तो सरकवत सरकवत पार शेवटाला नेला.

"ओ आजी, साहेबांचा डबा आहे तो!"

"आसंल. पण डब्याला कुठं ठावं हाय, साहेब कोन ते! नंबर म्हंजी नंबर!"

आणि हे परक्यालाच असं नाही. माझी नणंद दिवाळीला माहेरी आली, तर तिची चकलीची भाजणी सातव्या नंबरला दळली. बिचारी दोन तास गिरणीच्या पायरीवर बसून आईकडे बघत होती.

*

सुनैना पहिल्यांदा आली तेव्हा फाट्यावर येऊन तिला चारच दिवस झाले होते. नवरा कांद्याच्या वखारीत कामाला. बिहारमधलं कुठलंसं गाव, लहानखुरी, डोक्यावर पदर. गहू दळून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत! डोळ्यांत पाणी.

"भाभी, रोटी काली हो गई. मिलावट है."

मी डब्यात हात घातला आणि मला हसूच आलं. तिच्या आधी नामदेवतात्यांची बाजरी दळली होती. तात्या धनगर, आणे पठारावरचे. त्यांची मेंढरं आणि त्यांची बाजरी दोन्ही सारखीच करडी. आता गिरणीत आधीच्याचं मूठभर पीठ दगडात राहतं आणि मागच्याच्या डब्यात उतरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून तर गहूवाला बाजरीच्या मागे डबा ठेवत नाही आणि मिरचीच्या मागे तर कुणीच ठेवत नाही. तिला बिचारीला कोण सांगणार?

मी समजावून सांगत होते, तेवढ्यात जिजी खुर्चीवरून म्हणाली, "तिला म्हनावं, आन्याची बाजरी हाय ती. लोक मागून नेत्यात, तुला फुकाट मिळाली!"

सुनैना रुसूनच गेली. पण आठ दिवसांनी आली आणि डबा कुठे ठेवावा? बरोबर तात्यांच्या डब्याच्या मागे. "वो बोलते हैं, वैसी ही रोटी बनाओ," नवऱ्याबद्दल सांगताना लाजली. त्या दिवसापासून ती आमची झाली.

*

बँकेतल्या नागपूरकडच्या साहेबांचा किस्सा तर सगळ्या बाजारात माहीत आहे.

गिरणीचा दगड वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते. म्हणजे दगड उतरवायचा आणि छिन्नी-हातोडीनं त्याच्या खाचा पुन्हा धारदार करायच्या. माझे मिस्टर हे काम स्वतः करतात. त्या दिवशी टाकी लावून दगड नुकताच बसवला होता आणि साहेब गहू घेऊन सगळ्यांच्या आधी आले.

"व्वा! म्हणजे आज एकदम फ्रेश दगड!"

"साहेब, जरा दम धरा," जिजी म्हणाली.

"का म्हणून? पहिला डबा माझा आहे. तुमचाच नियम आहे ना, नंबर म्हणजे नंबर!"

जिजीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. "बरं," एवढंच म्हणाली. मी काही बोलायला गेले, तर काठी आडवी!

दुसऱ्या दिवशी साहेब गालाला हात लावून दारात. "जिजी, चपातीत कचकच लागते हो! खडे आहेत."

"खडे न्हाईत, दगडाचा भुगा हाय त्यो. टाकीनंतरचं पयलं दळान गाईला घालत्यात. तुमी गाईचा नंबर घेतला, साहेब!"

साहेब भला माणूस. स्वतःच हसायला लागले आणि ते पीठ पाटीत घालून आमच्या गाईसमोर ठेवून आले.

*

गेल्या दिवाळीच्या आधी सुनैना आली ती दळण न घेताच. पायरीवर बसली आणि एकदम रडायला लागली.

तिची सासू गावाकडे. तिनं उभा जन्म छठचा उपास केला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, दीड दिवस पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. यंदा तिचे पाय चालेनात. तिनं फोनवर सुनेला सांगितलं, आता तू धर. तू नाही धरलास तर माझ्याबरोबर संपला. आणि वखारीत ऐन हंगाम, नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणजे गावी जाणं नाही. जे करायचं ते इथेच, आळेफाट्यावर!

"सूप चाहिए, गन्ना चाहिए, घाट चाहिए. यहाँ कौन दुकान में मिलेगा, भाभी?"

ऊस म्हटलं तर आमच्याकडे वाटेल तेवढा. बाकीचं ऐकून मी पण डोक्याला हात लावला.

जिजीला काही हे पटलं नाही. "आनि म्हनं बुडत्या सूर्व्याला हात जोडायचं! आमी तर उगवत्याला जोडतो."

सुनैनाला आता मराठी कळायला लागली होती. डोळे पुसत म्हणाली, "जिजी, पहले डूबते को, सुबह उगते को. डूबनेवाले का भी तो कोई होना चाहिए ना."

जिजी काठी टेकत उठली आणि तिला माठातलं पाणी आणून दिलं. जिजीला खुर्चीवरून उठून कुणाला पाणी देताना मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

*

सुपाचा प्रश्न मला सोपा वाटला होता. जुन्नरच्या पश्चिमेकडून डोंगरातली हिराबाई बाजारच्या दिवशी आमच्या ओट्यावर बसते. नाचणी, हातसडीचे तांदूळ आणि बांबूची सुपं-टोपल्या विकते. तिच्यासारखं सूप तालुक्यात मिळायचं नाही.

हिराबाईनं चांगलं पाहून सूप काढलं, त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि दोन्ही हातांनी सुनैनाला दिलं. सुनैना दोन पावलं मागे! "ये तो जूठा हो गया. छठ में कोरा चाहिए."

"कोरंच हाय की! कालच विणलंय."

"तो चावल क्यों?"

"मंग काय रिकामं देऊ? बाईच्या हातात रिकामं सूप द्यायचं आसतं व्हय!"

एकीला कोरंच पाहिजे, दुसरी रिकामं देणार नाही. दोघी देवाला भिणाऱ्या, दोघींचे डोळे भरलेले! मध्ये मी, हातात तांदूळ सांडलेलं सूप घेऊन उभी. त्या दिवशी सौदा झाला नाही.

पुढच्या बाजाराला हिराबाई दोन नवी सुपं घेऊन आली, फडक्यात गुंडाळलेली. प्रत्येकात एकेक झेंडूचं फूल.

"फूल चालतंय का तुझ्या देवाला? धान्य न्हाई घातलं. पण रिकामं मी देनार न्हाई म्हंजी न्हाई!"

सुनैनानं फुलासकट सुपं कपाळाला लावली. मग दोघी ओट्यावर बसून साजनकडचा चहा प्यायल्या. एकीला हिंदी येत नव्हती, दुसरीला मराठी धड येत नव्हती, तरी अर्धा तास काय बोलत होत्या त्या दोघींनाच ठाऊक.

*

राहिला घाट, म्हणजे पाण्यात उतरायची जागा. कालव्याला तेव्हा पाणी नव्हतं. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, तिथे उपाशी बाईला उतरवायचं म्हणजे जिवाशी खेळ. ही चर्चा गिरणीत चालली असताना नामदेवतात्या बाजरीचा डबा घेऊन आले.

"आमचा वढ्याचा डोह हाय की! कमरंएवढं पानी, खाली सपाट खडक. मेंढरं तिथंच धुतो मी."

बँकेचे साहेब दळणासाठी थांबले होते. ते म्हणाले, "अहो तात्या, मेंढरं धुता ते पाणी? देवकार्याला?"

"मेंढरं कातरायच्या टायमाला वर्सातनं दोनदा उतरत्यात, साहेब. मानसं रोज उतरत्यात. घान कोन जास्त करतंय, तुमीच बगा!"

साहेब पुन्हा गालाला हात लावून बसले.

सुनैनानं फक्त एवढंच विचारलं, "वहाँ से सूरज डूबता दिखता है?"

"पार टेकायपत्तूर दिसतोय, पोरी. मी रोज बघतो." आणि तात्यांनी दुसऱ्या दिवसापासून मेंढरांची वाट बदलली. रोज मैलभर लांबच्या विहिरीवर पाणी पाजायला नेत होते, ते मला नंतर बांगडीवाल्यांकडून कळलं. स्वतः बोलले नाहीत.

*

आता एकच गोष्ट राहिली होती, ती माझ्या हातातली. प्रसादाचं पीठ. त्याचे गहू धुऊन वाळवायचे, त्यांना चिमणीनंही चोच लावायची नाही आणि दळायचे ते स्वच्छ गिरणीत, दुसरं कसलंही उष्टं पीठ त्यात येता कामा नये. दिवाळीच्या भाजण्या दळून आमचा दगड तेलकट झालेला. मी मिस्टरांना म्हटलं, सगळी गिरणी धुऊनपुसून ठेवा, आणि मी भाऊबीजेला माहेरी, मंचरला गेले.

दोन दिवसांनी संध्याकाळी परत आले. गिरणी लखलखत होती. "जिजी कुठंयत?" म्हणून विचारलं, तर मिस्टर म्हणाले, "आई आज दिवसभर गच्चीवर बसली होती काठी घेऊन. ऊन खात असंल." मी फार लक्ष दिलं नाही.

सकाळी सुनैना आली. न्हालेली, केस ओले, डोक्यावर नव्या कापडात बांधलेले गहू. रांगेतल्या बायकांनी स्वतःहून आपापले डबे मागे घेतले. मी गहू गिरणीच्या वरच्या हापरमध्ये ओतणार, एवढ्यात मिस्टर मोठ्या कौतुकानं म्हणाले, "देवाचं काम आहे म्हणून काल दगडाला टाकीपण लावली!"

मी गहू तसेच खाली ठेवले. टाकी! म्हणजे पहिलं दळण दगडाच्या भुग्याचं. सुनैनाचे ओतावेत तर प्रसादात कचकच, आणि त्यातलेच थोडे आधी दळावेत तर मोजून आणलेले गहू प्रसादाला पुरणार नाहीत. आधी गाईचं धान्य दळावं तर त्याचं मूठभर पीठ हिच्या पिठात येणार, ते धान्य ना धुतलेलं ना निवडलेलं. नवे गहू आणून धुवायचे आणि वाळवायचे तर प्रसादाची वेळ निघून जाणार. सुनैनाला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. बँकेच्या साहेबांची गोष्ट तिनंही ऐकली होती. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज. जिजी आली, कडेवर तिचा पितळी डबा. सरळ येऊन तिनं तो सगळ्यांच्या पुढे ठेवला.

"पयला नंबर माझा."

मला असा राग आला म्हणता! "जिजी, आज तरी नको हो! निदान आज तरी!"

"मंदे, नंबर म्हंजी नंबर. वत!"

सगळ्या बायका बघत राहिल्या. मी दातओठ खात डब्याचं झाकण उघडलं. आत धुवट पांढरं फडकं होतं. फडक्यात गहू होते. धुतलेले, एकेक दाणा निवडलेला, आणि त्यांना कालच्या उन्हाचा वास येत होता.

मी ओतले. मोटर सुरू झाली. जिजीनं खाली पडणारं पीठ चिमटीत धरलं आणि बोटांनी चोळत राहिली. कचकच थांबली तशी तिनं मान हलवली, सगळं पीठ पाटीत घेतलं, गाईपुढे नेऊन ठेवलं आणि येऊन खुर्चीवर बसली.

मग काठी आपटून ओरडली, "चला गं! दुसरा नंबर कुनाचा हाय?"