वांद्र्याच्या वाटेवरचा पूल

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत परळच्या नाक्यावर गोळी लागून माझा मोठा भाऊ गेला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी बाबा वांद्र्याच्या आत्याला सांगायला निघाले, तेव्हा आईने मलाही सोबत धाडलं. बस बंद होत्या, म्हणून आम्ही चालतच गेलो.

माहीमच्या खाडीवरचा जुना पूल येईपर्यंत बाबा माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. ते गवंडी होते. पुलावर त्यांनी कठड्यावर हात ठेवला.

"दगड बघ कसा बसवलाय," ते म्हणाले. "शंभर वर्षं होऊन गेली, सांधा सुटलेला नाही. हा नव्हता तेव्हा लोक होडीने जायचे. वाऱ्यात माणसं बुडायची."

मी हो म्हटलं. भरतीचं पाणी पुलाखालून आत शिरत होतं आणि कोळ्यांच्या होड्या हळूहळू वर उचलल्या जात होत्या. एरवी वसईकडची भाजी, दूध, सगळं याच पुलावरून शहरात यायचं. त्या दिवशी तो रिकामा होता आणि फार सुंदर दिसत होता. ते मला कळत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं. रडूही येत नव्हतं.

आत्याने दार उघडलं. "दादा, एवढ्या गडबडीत चालत आलास? घरी सगळे बरे आहेत ना?"

"पूल मोकळा होता गं," बाबा म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं, अगदी सरळ आवाजात. ती उंबऱ्यातच खाली बसली. बाबा पायरीवर बसून चपलेची धूळ झटकत राहिले.