वरचे साठ फूट

केरबा मळवलीच्या रेल्वे गँगमध्ये तीस वर्षं राबला. खडी भरायची, ती स्लीपरखाली ठोकून बसवायची, रुळांचा चढ सारखा राखायचा. हातचं काम दुसऱ्यांदा करायची पाळी त्यानं कधी येऊ दिली नाही.

एकसष्ट साली भाताचे भारे काढताना त्याची बायको पुतळाबाई माळ्यावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. लावणी उरकली की भाजे गावच्या बायका धबधब्याखाली उभ्या राहून अंगावरचा चिखल धुवायच्या. त्यांत पहिली पुतळाबाई असायची. आता ती ओट्यावर बसून त्यांना जाताना बघे. केरबा पाठुंगळी न्यायला तयार होता. ती म्हणाली, "न्हानीत उचलता, खाटंवर उचलता. तितं तरी उचलून नगा नेऊ. मानसासारकी बसून जाईन."

केरबानं लाकडी खुर्चीला भंगारातली लोखंडी चाकं बसवली. गाडीवाटेपासून धबधब्यापर्यंत दोनशे दहा फूट चढ होता. उन्हाळाभर दर सुट्टीला तो पहार, फावडं, घमेलं घेऊन जाई. सुतळी ताणून चढ सारखा केला. खालची वाट मुरमाची होती. वरचे साठ फूट ओलीचे, म्हणून तिथं धोंडे फोडून वीतभर खडी अंथरली, रुळाखाली असते तशी.

शेजारचा नथू टोमणा मारी, "केरबा, हितनं गाडी कवा सुटनार?"

केरबानं रिकामी खुर्ची वरपर्यंत ढकलून पाहिली. गेली.

लावणीनंतर पुतळाबाई जुनं लुगडं नेसून खुर्चीत बसली. दीडशे फूट सुरळीत गेले. खडी लागली आणि चाकं आत रुतली. केरबानं जोर लावला तशी आणखी रुतली. रुळावर चाक खडीला शिवतच नाही, हे तीस वर्षांत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

बायका उचलायला धावल्या. पुतळाबाईनं हात जोडून त्यांना थांबवलं. बायका पाण्यात जाऊन आल्या, तोवर ती तिथंच बसून राहिली. तुषारही तिथवर येत नव्हते.

"फुडल्या साली नीट ठोकून करा," ती म्हणाली.

"करतो."

पौषात ती तापानं गेली.

उन्हाळ्यात केरबानं सगळी खडी उपसली. मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकला. नथूनं टोमणा मारला नाही. दोन दिवस घमेली वाहिली.

लावणी उरकल्यावर केरबानं खुर्ची काढली. रिकामी ढकलून काही कळत नाही, हे त्याला आता ठाऊक होतं. पुतळाबाईचं वजन त्याच्या हातांना पाठ होतं. बांधावरचे तेवढे धोंडे त्यानं खुर्चीत ठेवले, दोरीनं आवळले आणि खुर्ची ढकलली.

चाक कुठं अडलं नाही. केरबा खुर्ची धरून पाण्याखाली उभा राहिला. धोंड्यांवरची माती धुऊन गेली, तरी त्यानं खुर्ची मागं घेतली नाही.