उगोयेने दिलेली जागा

उगोये माझी थोरली जाऊ. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, आणि ती भिंत माझ्या नवऱ्याने हातभर तिच्या बाजूला सरकवून बांधली, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली. म्हणायची वर्षातून एकदा, तेही हसत. एरवी ती फार बोलायची नाही. ओवेरी शहराला जाणाऱ्या रस्त्याच्या तिठ्यावर ती रोज सकाळी चवळीच्या पिठाचे वडे तळायची. गिऱ्हाईक कितीही तोंडाळ असलं तरी ही मुकाट्याने पुडा बांधून द्यायची. तिच्या जागी मी असते तर झारा फेकून मारला असता.

तिच्या घरामागे, स्वयंपाकघर आणि संत्र्याच्या झाडांमधल्या मोकळ्या जमिनीत, तिची पहिली मुलगी आहे. ओलान्मा. गोवराने गेली तेव्हा चार वर्षांची होती. आमच्यात मोठं माणूस गेलं की त्याला घरासमोर अंगणात पुरतात, वर फरशी बसवतात, बँड बोलावतात, गाय कापतात. लहान मुलासाठी यातलं काही नाही. संध्याकाळी दोन पुरुष त्याला कापडात गुंडाळून मागे नेतात आणि माती सारखी करून परत येतात. खूण ठेवत नाहीत. आईला जागा दाखवत नाहीत, कारण आईने त्या जागेकडे बोट केलं तर घरातलं पुढचं मूलही तिकडेच जातं, असं मानतात.

त्या संध्याकाळी उगोयेला स्वयंपाकघरात धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. तिने डोळा मात्र कुडाच्या फटीला लावला होता, आणि मी तिला तिथून हटवलं नाही. चार दिवसांनी ती पुन्हा तिठ्यावर वडे तळत होती. त्यानंतर ओलान्माचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही. पुढे उझोमा झाला, त्याच्या पाठीवर आणखी दोन मुलगे झाले. आपल्याला एक बहीण होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तिचा नवरा मदुका याने पक्कं घर बांधलं, तेव्हा घरातला संडास ही गावात मिरवायची गोष्ट होती. घराच्या डाव्या अंगाला त्याने सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्या पलीकडे शोषखड्डा, फटी सोडून रचलेल्या सिमेंटच्या विटांचा. गाळ टाकीत बसायचा, पाणी खड्ड्यात जायचं आणि तिथून ते माती प्यायची. संडास एक आणि माणसं पाच. खड्डा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. मदुका गेला तेव्हा त्याला अंगणात उजव्या हाताला, त्याच्या आईवडिलांच्या ओळीत ठेवलं. त्या ओळीत आणखी जागा नव्हती, कारण पलीकडे लगेच विहीर. म्हणून भाऊबंदांनी उगोयेसाठी फाटकाजवळची डाव्या हाताची जागा ठरवली. घरधनीण म्हणून तिचा तो मान होता, आणि तिला तो आवडायचा. एकदा मला म्हणाली, इथे पडल्या पडल्या कोण कधी घरी येतं ते कळेल.

मुलगे शहरात कमावते झाले. प्रत्येकाने गावच्या घराला आपापली खोली जोडली आणि प्रत्येक खोलीला आपापला संडास, कारण भावाला आहे तर मला का नको. फरशीच्या रंगावरून महिनाभर वाद घातला. हे सगळं पाणी बापाच्या त्याच जुन्या खड्ड्यात जाणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे नाताळात अख्खं गाव घरी परततं. वर्षभर एका म्हातारीचं पाणी पिणाऱ्या मातीवर डिसेंबरात वीस माणसं तुटून पडायची.

आधी मोरीतून गुडगुड आवाज यायला लागला. मग संडासातलं पाणी उतरेना. गाडी बोलावून टाकी उपसली, की काही वर्षं बरं जायचं. पुढे ती दरवर्षी उपसावी लागली. शेवटी शेवटी नाताळाआधी उपसलेली टाकी नवीन वर्षाला पुन्हा काठोकाठ. कोरड्या वाऱ्यांच्या दिवसांत सगळीकडचं गवत करपलेलं असायचं आणि खड्ड्यावरचं तेवढं हिरवंगार. माझी शेळी तिथून हलायला तयार नसायची.

प्लंबर सिप्रियनने झाकण उघडून पाहिलं आणि उगोयेला सांगितलं, "टाकीला काही झालेलं नाही, ती नातवंडांनाही पुरेल. खड्डा मात्र संपला, आई. भोवतालची माती काळी, बुळबुळीत झालीय, ती आता पाणी पीत नाही. असे खड्डे वीस-पंचवीस वर्षं चालतात, तुमचा त्याच्या वर चालला. टाकी कितीही उपसा, उपयोग नाही. नवा खणावा लागेल."

कुठे, ते त्यानेच ठरवलं. उजवीकडे विहीर, तिच्या आसपास खणणं म्हणजे ते पाणी पिणं. घराच्या डाव्या अंगाची माती वाया गेलेली, समोर फाटकाजवळची जागा उगोयेसाठी राखलेली. घरामागची जमीन उत्तम, नळही सरळ जाईल. उगोये म्हणाली, मागे नाही. का नाही ते सांगितलं नाही.

मग ती स्वतःच खड्डा वाचवायला लागली. संडासात मोजकं पाणी ओतायची, अंघोळ केळींमध्ये उघड्यावर करायची, भांड्यांचं पाणी बादलीतून लांब नेऊन टाकायची. गुडघे धड नव्हते तरी. मुलगे म्हणायचे आई हट्टी झालीय, सुना म्हणायच्या चिक्कू आहे. मी चिडून म्हटलं, अगं, सांगून टाक ना एकदाचं. तर म्हणाली, "सांगितलं की ते जागा विचारतील."

ज्या नाताळात हे सगळं वर आलं, त्या वेळी उझोमाची बायको एबेरे गरोदर होती. आधीची दोन पोटं पडली होती, त्यामुळे सगळं घर श्वास रोखून होतं. तिची आई भेटायला आली. विहीणबाई मोरीत अंघोळीला बसल्या आणि मोरीतून घाण वर आली, पार त्यांच्या पायापर्यंत. उझोमाचं तोंड शरमेने काळं पडलं. नवीन वर्ष लागताच त्याने घरामागे खणायला माणसं बोलावली. उगोये स्वयंपाकघराशेजारच्या बोळात दोन्ही हात पसरून उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि कुदळी घेतलेले चार गडी तिच्यापुढे थांबलेले.

घरात कुजबुज सुरू झाली. म्हातारीने मागे काहीतरी पुरलंय, म्हणूनच सुनेची पोटं टिकत नाहीत. विहीणबाईंनी पांढऱ्या झग्यातला, हातात घंटा घेतलेला एक प्रार्थनावाला आणला. तो माझ्या बाजूने भिंतीला वळसा घालून मागे गेला, संत्र्यांखाली गोल गोल फिरला, डोळे मिटले आणि म्हणाला, इथे काहीतरी पुरलेलं आहे, ते खणून काढल्याशिवाय या घरात मूल जगणार नाही. मला त्याच्या डोक्यात मुसळ घालावंसं वाटलं. जास्त राग याचा आला की त्याचं निम्मं बोलणं खरं होतं.

उझोमा आईसमोर आला. "आई, आता तरी खरं सांग. तू मागे काही पुरलंयस का?"

"मी नाही," उगोये म्हणाली. "मला तिथे जाऊच दिलं नाही. तुझी बहीण आहे तिथे. ओलान्मा."

इतक्या वर्षांनी ते नाव मी तिच्या तोंडून ऐकलं आणि मला हुंदका आवरला नाही. उझोमाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. एबेरे होती तिथेच जमिनीवर बसली. प्रार्थनावाला घंटा काखेत मारून जेवणाची वाटसुद्धा न बघता गेला.

उझोमा वाईट मुलगा नाही. तो हळूच म्हणाला, "नेमकी कुठे, ते दाखव. तेवढी जागा सोडून खणू."

उगोयेने एबेरेच्या पोटाकडे पाहिलं. हात थोडा वर आला होता तो तिने पाठीमागे नेला. "बोट करायचं नसतं," ती म्हणाली. "हिचं मूल होऊ दे. चालायला लागलं की दाखवीन. तोवर थांबायचं नसेल तर फाटकाजवळची माझी जागा घ्या. ती रिकामीच आहे."

भाऊबंदांनी नाकं मुरडली. फाटकाशी संडासाचा खड्डा, पाहुणे काय म्हणतील. उझोमाला पाहुण्यांचं पडलं नव्हतं. त्याने विचारलं, "आणि तुला कुठे ठेवायचं, आई?"

"तिच्याजवळ. तेव्हा मला कोणी धरून ठेवणार नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, पण मला लागायचं ते लागलंच.

आठवड्याभरात फाटकाजवळ खड्डा खणला. सिप्रियनने घराला वळसा घालून लांब नळ टाकला आणि जुना खड्डा मातीने बुजवला. उगोये खुर्ची टाकून बघत बसली होती. चेहऱ्यावरून वाटत होतं की तिचं मोठं ओझं उतरलंय. त्या पावसाळ्यात एबेरेला मुलगा झाला. उगोये त्याला पाठीशी बांधून अंगणात फिरायची, आणि त्याला लवकर उभं करायला बघायची. मी म्हणायची, अगं, पाय वाकडे होतील पोराचे. ती ऐकायची नाही.

पोरगं अजून रांगत होतं. एका सकाळी ती तिठ्यावर कढईसमोर बसली आणि बसल्याजागीच कलंडली. लोक धावले तोवर ती गेली होती.

उझोमाने भाऊबंदांना ठणकावून सांगितलं की आईला मागेच ठेवायचं. घरधनिणीला लहान पोरांच्या जागेत पुरणं बरं नाही असं दोघेतिघे बोलून पाहत होते, त्यांना त्याने गप्प केलं. गडी कुदळी घेऊन मागे गेले आणि तिथे नुसते उभे राहिले. ओलान्माला नेणारे दोघेही पुरुष केव्हाच वारले होते. कुदळ कुठे घातली तर ती पोरीवर पडणार नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

उझोमा माझ्याकडे आला. "काकी, तू होतीस ना त्या संध्याकाळी. कुठे आहे ती?"

"मी तुझ्या आईकडे बघत होते रे," मी म्हटलं.

मग पुढच्या गड्याच्या हातातली कुदळ त्याने काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. अंगणात उजवीकडे विहीर, फाटकाजवळ आता खड्डा, आणि शेतात आमच्यात कुणाला पुरत नाहीत. शेवटी उगोयेला चर्चच्या दफनभूमीत नेलं. परगावाहून आलेले मास्तर आणि ज्यांना स्वतःचं अंगण नाही, असे लोक तिथे असतात. बँड होता, गाय कापली, काही कमी केलं नाही. पण आईला लेकीपाशी जाऊ दिलं नाही, हे आम्ही दुसऱ्यांदा केलं.