सुगंधाचं दप्तर

मुलीच्या शाळेचा मोबाईलवर निरोप आला. मुलींसाठी तक्रारपेटी बसवली आहे, नाव गुप्त राहील. वाचताना मला आमच्या मालवणकडच्या शाळेतल्या व्हरांड्यातला फिनेलचा वास आला. त्या दिवशी नववीतली सुगंधा मोठ्या बाईंसमोर उभी होती, आधाराला शेजारी तिच्याच वर्गातली मी.

“बाई, संस्थेच्या अध्यक्षांचो झील माका सुरूच्या बनात रोज अडवता.”

बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. “मुलीला आता घरीच ठेवा. उगाच शाळेचं नाव खराब होईल.”

“माजा काय चुकला?” सुगंधाने विचारलं.

 आईने तिचं दप्तर उचललं.

सुगंधा पुन्हा शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. अध्यक्षांचा तो मुलगा आज स्वतः अध्यक्ष आहे, आणि स्नेहसंमेलनात मुलींना बक्षिसं तोच देतो.